पूर्वज : मागचे की पुढचे?

दिवाळीपूर्वी दुकानाची रंगरंगोटी निघाली की माळ्यावरचे सामान खाली येते. जुन्या तागड्या, पितळी मापे, गंजलेली वजने आणि या साऱ्यांच्या तळाशी लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपड्या. कीर्द, खतावणी, रोजमेळ. अक्षर मोडी किंवा महाजनी. वाचता येणारे घरात कोणी उरलेले नसते. हिशेब आता संगणकावर होतात, कायद्याने सांगितलेली वर्षे केव्हाच उलटून गेलेली असतात आणि रद्दीवाला दारात उभा असतो. अशा वेळी घरातील वडीलधारे माणूस हात आडवा घालते : ‘‘राहू द्या, पूर्वजांच्या वह्या आहेत.’’ पोती पुन्हा माळ्यावर जातात. पुढच्या रंगरंगोटीच्या वेळी मात्र हात आडवा घालणारे तेवढे असेलच, याची खात्री नसते.

त्या एका वाक्यातील ‘पूर्वज’ हा शब्द सहज उच्चारला जातो. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे सर्वच धरून चालतात. परंतु तो शब्द उलगडून पाहिला, तर व्यापारी कुटुंबाने आणि विशेषतः श्रावक कुटुंबाने थांबून विचार करावा असे बरेच काही त्यात सापडते.

शब्दाची घडण

‘पूर्वज’ शब्द संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आला. ‘पूर्व’ म्हणजे आधीचा आणि ‘ज’ म्हणजे जन्मलेला. ‘जन्’ या धातूपासून आलेला हा ‘ज’ पंकज, जलज, द्विज, अनुज अशा कितीतरी शब्दांच्या शेवटी बसलेला आहे. आधी जन्मला तो पूर्वज, इतका हा सरळ अर्थ.

या सरळ अर्थामुळेच संस्कृतात शब्दाचा वापर आजच्यापेक्षा व्यापक होता. अमरकोशात ‘पूर्वज’ हा शब्द थोरल्या भावाच्या नावांत, ‘अग्रज’ या शब्दाच्या शेजारी येतो. रामरक्षेत रामाला ‘लक्ष्मणपूर्वज’ म्हटले आहे. तेथे राम लक्ष्मणाचा पणजोबा नसून वडील बंधू आहे. म्हणजे मुळात पूर्वज होण्यासाठी मृत्यूची अट नव्हती. जो आधी आला आणि ज्याच्या मागून दुसरा आला, तो त्या दुसऱ्याचा पूर्वज. पुढे अर्थ आक्रसत गेला आणि मराठीत हा शब्द केवळ दिवंगतांसाठी राहिला.

‘पूर्व’ या शब्दातही एक दिशा दडलेली आहे. पूर्व म्हणजे समोरची बाजू. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण आणि पाठीमागे पश्चिम येते. ‘दक्षिण’ शब्दाचा एक अर्थ उजवा आहे, तर ‘पश्चिम’ आणि ‘पश्चात’ हे एकाच कुळातील शब्द मागच्या आणि नंतरच्या गोष्टींसाठी आहेत. या हिशेबाने जे आधी आले ते आपल्या समोर चालले आहेत आणि जे नंतर येणार ते पाठीमागून येत आहेत.

रोजच्या मराठीत मात्र उलट बोलले जाते. गेलेली पिढी ‘मागची’ आणि येणारी पिढी ‘पुढची’. पण याच मराठीत निधनवार्ता छापताना ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ असे लिहितात. तेथे गेलेला पुढे गेला आहे आणि मागे राहिलो ते आपण. एकाच भाषेत हे दोन्ही दृष्टिकोन सुखाने नांदतात. पूर्वजांना मागे टाकायचे की त्यांच्या मागून चालायचे, हा प्रश्न शब्दानेच मोकळा ठेवला आहे.

घरात बोलले जाणारे शब्द

‘पूर्वज’ हा ग्रंथातील शब्द. घरात बोलताना ‘वाडवडील’ येतात, ‘बापजादे’ येतात. ‘वडील’ या शब्दाचे मूळ प्राकृतातील ‘वड्ड’, म्हणजे मोठा, या शब्दाकडे जाते. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांत ‘पुरखे’ हा शब्द ऐकू येतो. त्याचे मूळ ‘पुरुष’ या शब्दात सांगितले जाते.

सर्वांत लक्षणीय शब्द मात्र अगदी साधे आहेत : आजा आणि आजी. संस्कृतात ‘आर्यक’ म्हणजे आजोबा. प्राकृतात त्याचे ‘अज्जय’ झाले आणि मराठीत ‘आजा’. त्याचप्रमाणे ‘आर्यिका’चे ‘अज्जिया’ आणि मग ‘आजी’. जैन घरांत हा शब्द ऐकताच कान टवकारावेत. कारण दिगंबर परंपरेत साध्वींना आजही ‘आर्यिका’ म्हणतात आणि आगमांच्या प्राकृतात सुधर्मास्वामी ‘अज्ज सुहम्म’ म्हणून येतात. ज्या शब्दाने संघाने आपल्या त्यागी गुरूंना हाक मारली, त्याच शब्दाने मराठी नातवंडे आजीला हाक मारतात. रक्ताचा वडीलधारा आणि धर्माचा वडीलधारा यांच्यासाठी भाषेने एकच आदर राखून ठेवला.

दुसरी जोडी आहे ‘पिढी’ आणि ‘पेढी’ यांची. दोन्हींचे मूळ ‘पीठ’, म्हणजे बसण्याचे आसन, या शब्दाशी जोडले जाते. हिंदीत ‘पीढ़ी’ म्हणजे वंशातील एक पायरी आणि बसायचा छोटा पाटही. गुजरातीत तर ‘पेढी’ हा एकच शब्द वंशाची पिढी आणि व्यापाराची पेढी अशा दोन्ही अर्थांनी चालतो. शत्रुंजयासारख्या तीर्थांची व्यवस्था पाहणारी अहमदाबादची आणंदजी कल्याणजी पेढी हे नाव सर्वपरिचित आहे. मराठीने एका स्वराच्या फरकाने दोन अर्थ वेगळे केले, तरी नाते तुटले नाही. आसन एकच, त्यावर आज एक बसतो, उद्या दुसरा. ‘गादीवर बसणे’ या प्रयोगातही तोच भाव आहे. व्यापारी घरात पिढी आणि पेढी एकत्रच मोजल्या गेल्या, यात नवल नाही.

ज्ञातींच्या नावांतही पूर्वजांची गावे जपलेली आहेत. ओसवालांचे नाते ओसियाशी, खंडेलवालांचे खंडेल्याशी, बघेरवालांचे बघेऱ्याशी आणि श्रीमाळींचे श्रीमाळ म्हणजे आजच्या भिनमाळशी सांगितले जाते. कोठारी, भंडारी ही आडनावे कोठाराची आणि भांडाराची जबाबदारी सांगतात, तर संघवी हे नाव तीर्थयात्रेचा संघ काढल्याचा मान सांगते. पुणे, नगर, जळगाव, सोलापूर येथे कित्येक दशके राहिलेल्या कुटुंबाने ते गाव कधी पाहिलेले नसते. सहीत मात्र ते रोज उमटते.

पूर्वज आहेत, पितर नाहीत

दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्व संपल्यानंतर बहुतेक ठिकाणी भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी होते. त्याच तिथीला शेजारच्या घरी पितृपंधरवडा सुरू होतो. एका दारात एकमेकांची क्षमा मागितली जाते, तर दुसऱ्या दारात पितरांसाठी पान वाढण्याची तयारी चाललेली असते. लहान मुले मग विचारतात : ‘‘आपल्याकडे पान का वाढत नाहीत?’’

उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. देह सुटल्यावर संसारी जीव नव्या जन्मस्थानाकडे जातो आणि मार्गात वळणे असली तरी हा प्रवास चार समयांच्या मर्यादेत पुरा होतो. समय हे काळाचे अविभाज्य, सर्वांत सूक्ष्म माप. डोळ्याची पापणी लवायलाही असंख्य समय लागतात. म्हणजे घरात रडारड सुरू होण्यापूर्वीच तो जीव आपल्या कर्मानुसार अन्यत्र जन्माला आलेला असतो. वाट पाहत थांबलेला, भुकेलेला असा पितर जैन विचारात उरतच नाही. शिवाय एकाच्या कृतीचे फळ दुसऱ्याला पोहोचते, हे कर्मसिद्धांताला मान्य नाही. जैन आचार्यांनी श्राद्धाचा स्वीकार केला नाही तो या कारणाने.

व्यवहारात चित्र इतके स्वच्छ नाही. अनेक श्रावक घरांत त्या तिथीला गोडधोड होते, फोटोला हार घातला जातो, काही कुटुंबांत गावाकडचे पितरांचे स्थान अजून मानले जाते. शेजाऱ्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर हे घडणारच. त्यावर उपहास करण्याचे कारण नाही. परंतु एक प्रश्न शिल्लक राहतो. पूर्वजांना काही पोहोचवता येत नसेल, तर त्यांच्याशी आपले नाते कोणते?

मरीचीचा अभिमान

नात्याचा एक सोपा प्रकार म्हणजे अभिमान. ‘आमच्या पणजोबांनी मंदिर बांधले’, ‘आमच्या घराण्याने संघ काढला’. लग्न ठरवताना, सभेत मान घेताना हे वाक्य उपयोगी पडते. जैन कथांनी या सवयीवर फार पूर्वीच बोट ठेवले आहे.

मरीची हा ऋषभदेवांचा नातू, भरत चक्रवर्तींचा पुत्र. त्याने दीक्षा घेतली, पण खडतर आचार न झेपल्याने स्वतःचा वेगळा वेष काढला. श्वेतांबर परंपरेनुसार ऋषभदेवांनी सांगितले की हाच मरीची पुढे पहिला वासुदेव होईल आणि या काळातील शेवटचा तीर्थंकरही होईल. ते ऐकून मरीची आनंदाने नाचू लागला. आपले आजोबा पहिले तीर्थंकर, वडील पहिले चक्रवर्ती आणि आपण पहिला वासुदेव. आपले कुळ केवढे थोर! या कुलमदामुळे त्याने नीच गोत्रकर्म बांधले. ते असंख्य वर्षे सत्तेत राहिले आणि अखेरच्या भवात, महावीर म्हणून येतानाही, त्याचा शेष भाग भोगावा लागला. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त ही कथा विस्ताराने येते.

या कथेत पूर्वज या शब्दाची व्याप्तीच बदलते. वंशावळीत मरीची आणि महावीर यांच्यात युगांचे अंतर आहे, त्यांचे कुळही निराळे. जीव मात्र एकच. रक्ताचा धागा आजोबांकडून नातवाकडे जातो, कर्माचा धागा पूर्वभवातून या भवात येतो. प्रत्येक जीव एका अर्थाने स्वतःचाच पूर्वज आहे. आज जे खतावले जाते, ते पुढे त्यालाच वाचावे लागते. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त सांगितलेल्या आठ मदांत कुलाचा आणि जातीचा, म्हणजे पितृवंशाचा आणि मातृवंशाचा, असे दोन मद वेगवेगळे मोजले आहेत ते उगाच नव्हे. आठातील दोन मद पूर्वजांच्या नावावर आहेत.

न फिटणारी तीन ऋणे

अभिमान नको आणि तर्पण नाही, तर उरते काय? व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत याचे उत्तर स्थानांगसूत्रात मिळते. तेथे तीन उपकार ‘दुष्प्रतिकार’, म्हणजे परतफेडीस अतिशय कठीण, सांगितले आहेत : आईवडिलांचे, आश्रय देणाऱ्या धन्याचे आणि धर्माचार्यांचे.

आईवडिलांना सुगंधी तेलाने मर्दन केले, स्नान घातले, उत्तम भोजन दिले, आयुष्यभर खांद्यावर वाहून नेले, तरी ते ऋण फिटत नाही. त्यांना धर्मात स्थिर होण्यास साहाय्य केले तरच परतफेड होते. लक्षात घेण्यासारखे असे की ही सारी सेवा जिवंतपणीची आहे. मृत्यूनंतरच्या विधीचा तेथे उल्लेखही नाही.

दुसरे उदाहरण तर पेढीवरचेच वाटावे असे आहे. एक धनवान माणूस एखाद्या दरिद्री माणसाला हात देतो, वर आणतो. काळ फिरतो. ज्याला वर आणले तो संपन्न होतो आणि पूर्वीचा धनी दरिद्री होऊन त्याच्या दारी येतो. त्या वेळी त्याने आपले सर्वस्व धन्याला दिले तरी उपकार फिटत नाही, असे सूत्र सांगते.

महाराष्ट्रातील किती घराण्यांची कथा याहून वेगळी आहे? लोटा आणि दोरी घेऊन निघालेला पहिला पुरुष कोणाच्या तरी पेढीवर गुमास्ता म्हणून बसला. तेथे तो कीर्द लिहायला शिकला, बाजाराची पत त्याला कळली. एके दिवशी त्या शेठने उधारीवर माल दिला आणि ‘आता स्वतःचे दुकान काढ’ म्हटले. त्या शेठचे नाव आज त्या घराच्या वंशवृक्षात नाही, कारण तो रक्ताचा नव्हता; कदाचित ज्ञातीचा किंवा धर्माचाही नव्हता. ज्या शेतकऱ्यांनी परक्या मुलखातून आलेल्या माणसावर विश्वास ठेवून पहिला कापूस, पहिली डाळ त्याच्या दुकानात आणून घातली, तेही नाहीत. पण ‘आधी आलेला, ज्याच्यामुळे पुढचा आला’ हा मूळ अर्थ धरला, तर हे सारे त्या पेढीचे पूर्वज ठरतात.

वंशवृक्षातून आणखी एक मोठा वर्ग गळला आहे. वहीवंच्यांच्या वह्यांत वंश चालला तो मुख्यतः पुरुषांच्या नावाने. लेकी सासरी गेल्या की त्यांची ओळ तेथेच थांबली, सुनांची माहेरे क्वचितच नोंदली गेली. धर्माच्या परंपरेने मात्र ही चूक केली नाही. कल्पसूत्र भगवान महावीरांच्या 36,000 साध्वींची संख्या आर्या चंदनेच्या नावासह सांगते आणि श्वेतांबर परंपरा या अवसर्पिणीत सर्वप्रथम मोक्षाला जाण्याचा मान ऋषभदेवांच्या माता मरुदेवी यांना देते. घराच्या वहीने या बाबतीत धर्माच्या वहीकडून शिकावे.

हरवलेली पूर्वे

‘पूर्व’ हा शब्द जैन वाङ्मयात आणखी एका अर्थाने येतो आणि तो अर्थ मनाला चटका लावणारा आहे. बारावे अंग दृष्टिवाद. त्यात चौदा ‘पूर्वे’ होती. तीर्थंकरांच्या उपदेशातून सर्वांत आधी रचली गेली म्हणून ती पूर्वे, असे परंपरा सांगते. हे ज्ञान धारण करणाऱ्यांना ‘पूर्वधर’ म्हणत. चौदाही पूर्वे जाणणाऱ्या अखेरच्या आचार्यांत भद्रबाहूंचे नाव येते. त्यांच्यानंतर ते ज्ञान क्रमाक्रमाने ओसरत गेले आणि शेवटी चौदा पूर्वांची केवळ नावे व विषय उरले.

ती कोणी जाळली नाहीत, लुटली नाहीत. ऐकणारे कमी झाले, दुष्काळ पडले, लक्षात ठेवणारे एकेक करून गेले आणि मधली कडी निसटली.

या भीतीतूनच दोन मोठी कामे झाली. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना जाणवले की आपल्याजवळ उरलेले अंशमात्र पूर्वज्ञान आपल्याबरोबर संपेल. त्यांनी दक्षिणेतून दोन मुनी बोलावून घेतले. पुष्पदंत आणि भूतबली या शिष्यांनी ते ज्ञान ‘षट्खंडागम’ म्हणून लिपिबद्ध केले. ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी ही त्याचीच आठवण. श्वेतांबर परंपरेत वीरनिर्वाणानंतर 980 व्या वर्षी (एका वाचनेनुसार 993 व्या) वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणून पोथ्यांची पूजा होते.

षट्खंडागमाची पुढची हकीकत महाराष्ट्राशी जोडलेली आहे. धवला टीकेसह या ग्रंथाच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जपून ठेवल्या होत्या. पूजा होत होती, वाचन जवळजवळ थांबले होते. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून 1939 पासून हा ग्रंथ छापून येऊ लागला आणि पुढे त्याचे 16 खंड पूर्ण झाले. त्या प्रकाशनामागे एका श्रीमंत श्रावकाने स्थापलेला निधी होता. व्यापारातून आलेला पैसा पूर्वजांच्या ज्ञानासाठी लागला, याचे इतके लख्ख उदाहरण शोधून मिळणार नाही.

माळ्यावरची वही

मूडबिद्रीच्या ताडपत्रांची आणि माळ्यावरच्या चोपड्यांची बरोबरी होऊ शकत नाही. एकीकडे सिद्धांत आहे, दुसरीकडे गूळ-शेंगदाण्याचे भाव. दोन्हींवरचे संकट मात्र एकाच जातीचे आहे : जपणारे आहेत, वाचणारे नाहीत.

महाजनी लिपीत काना-मात्रा गाळून लिहिण्याची रीत होती. त्यामुळे ‘काकाजी अजमेर गया’ हा निरोप ‘काकाजी आज मर गया’ असा वाचला गेला आणि घरात रडारड झाली, हा विनोद मारवाडी घरांत अजून सांगतात. विनोद सांगणारे आहेत. ती लिपी वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. मोडी वाचणारे तुलनेने अधिक आहेत आणि मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात.

त्या वह्यांत असते तरी काय? कोणत्या वर्षी कोणता माल कोठून आला, कोणाला किती उधार दिले, दुष्काळात कोणाची बाकी माफ झाली, धर्मादाय खात्यातून पांजरपोळाला, पाठशाळेला काय गेले. पूर्वजांविषयी घरात सांगितल्या जाणाऱ्या कथा बहुधा गौरवाच्या असतात. वही तशी नसते. तिच्यात जमेची बाजू असते तशी नावेचीही असते. मरीचीच्या अभिमानावर उतारा म्हणून घराण्याची खरी वही वाचण्यासारखा दुसरा उपाय नाही.

करण्यासारखे काम मोठे नाही. चोपड्या कोरड्या जागी, स्वच्छ कापडात ठेवाव्यात. निदान पहिली पाने आणि धर्मादाय खात्याची पाने मोबाइलवर टिपून घ्यावीत. मोडी किंवा महाजनी जाणणाऱ्या एखाद्या वृद्धाला घरी बोलावून दोन दुपारी शेजारी नातवंडांना बसवावे. वंशवृक्ष लिहिताना आजीचे आणि पणजीचे नाव, माहेरचे गाव लिहावे. त्याखाली एक ओळ मोकळी ठेवून, ज्याने पहिला माल उधार दिला त्याचे नाव ठाऊक असेल तर तेही लिहावे. आणि ज्यांना विचारता येईल असे आजोबा-आजी घरात असतील, तर ते हयात असतानाच विचारावे. स्थानांगसूत्रातील सेवा जिवंतपणीचीच आहे.

दिवाळीच्या वहीपूजनात नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर अनेक घरांत आजही गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य लाभो असे लिहितात. यांपैकी एकही जण लिहिणाऱ्याच्या वंशावळीतील नाही. तरीही वर्षाचा पहिला आकडा मांडण्यापूर्वी व्यापारी त्यांची नावे मांडतो, कारण ते आधी चालून गेले आहेत आणि वाट त्यांना ठाऊक आहे. यंदा नवी वही उघडताना माळ्यावरची एक जुनी वही तिच्या शेजारी पाटावर ठेवावी.